शुक्रवारपासून चार दिवस

— नाही नाही भाऊ, बुधवार नव्हे, तिथंच तर सगळे फसतात. बसा की. उभ्यानं काय — गाडीही चालूच ठेवलीय बाहेर, त्या दोघांना बोलवा, पाणी तरी पितील. नको? बरं. दीपमाला रविवारपासून घरी नाही म्हणता, मग मामाचा जीव टांगणीला लागणारच. वही तिचीच आहे, माझ्या क्लासची — शिंदखेड्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, कोकिळा मॅडम म्हटलं की कोणीही घर दाखवतं — आणि माझी पद्धत अशी, की वाक्यं पुस्तकातून उतरवायची नाहीत, कोण काय बोललं ते इंग्रजीत लिहून आणायचं, रोज दहा. मी वाचते का? वाचते म्हणजे, क्रियापद बघते, काळ बघते. कोण कुणाला काय म्हणालं ते डोक्यात राहत नाही, शंभर वह्या असतात.

तुम्ही बोट ठेवलंत ते वाक्य बघा. नवीन नावाच्या मुलानं तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं, की तो चार दिवसांनी चोपड्याला येईल आणि दोघं दुपारी चारच्या बसनं निघतील. आता दुसऱ्याचं बोलणं सांगताना इंग्रजीत 'येस्टरडे' चालत नाही, 'टुमॉरो' चालत नाही — 'द डे बिफोर', 'फोर डेज लेटर' असं करावं लागतं. का? कारण बोलणारा ज्या दिवशी बोलला तिथून मोजायचं, वाचणाऱ्याच्या दिवसापासून नाही. खाली माझी सही आहे, लाल शाईत, शनिवार. तुम्ही शनिवारपासून चार मोजलेत, बुधवार आला. पण नवीन बोलला कधी? आदल्या दिवशी, शुक्रवारी. मग शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार — म्हणजे आजच की. अडीच होताहेत, आत्ता निघालात तर चारच्या आत स्टँडवर पोचाल. उद्या गेला असता तर हात हलवत परत आला असता.

समजुतीनं घ्या हं तिला. वीस पूर्ण झालीत, शहाणी आहे. घरात इंग्रजी कोणाला येत नाही, म्हणून वहीत मोकळी होते बिचारी, बठ्ठं, अगदी सगळं लिहिते — हे बघा ना, काका म्हणाले की घराबाहेर पाऊल टाकलंस तर जिवंत ठेवणार नाही. तिनं 'विल' लिहिलं होतं, मी खोडून 'वुड' केलं. हसले होते मी, चिडून बोलतातच घरात असं. तुम्ही हसला नाहीत. भिकूबाई रडत असतील ना? अहो, भिकूबाई — तुमची बहीण. असे काय बघताय?

थांबा, मागचं एक पान दाखवते, जूनमधलं, 'माय फॅमिली'. इथं. 'माय मदर हॅज नो ब्रदर.' तिनं 'हॅव' लिहिलं होतं, मी 'हॅज' केलं. बरोबरची खूण आहे माझी. शेजारी 'गुड' लिहिलंय.

भाऊ, तुम्ही तिचे मामा नाही. तुम्ही काका ना? वही द्या इकडे. द्या म्हणते. त्या दोघांना काय खुणावताय दारातून? हे बघा, माझं चुकलं. तुमचंच बरोबर होतं, बुधवार. शनिवारची सही आहे, मग शनिवारपासूनच मोजायचं, वय झालं माझं, गोंधळ होतो हल्ली. आज तिथं कोणी नसेल. उद्या जा. तीस वर्षं शिकवतेय, मला कळत नाही का — बुधवार म्हणतेय मी, भाऊ, बुधवार, ऐकून तर घ्या —