ताईंनी सासूबाईंना दाखवलेलं अंडं

जमलेल्या बायांनो, सर लोकांनो, ताईंच्या विद्यार्थ्यांनो,

माईकवर मी आज पहिल्यांदाच बोलून राह्यले. पण बोलणार. ज्यांच्या शोकसभेला आपण जमलो, त्या प्रतिभाताई माझ्या नणंद. इथं अंबडच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. मला काय शिकवलं, ते सांगते.

लग्नानंतर मला दोनदा दिवस गेले. दोनदा सुरुवातीलाच पडलं. घरात एकच बोलणं. पपई खाल्ली असंल. हंडा उचलला असंल. मला बी तेच खरं वाटू लागलं. घास उचलला तरी वाटायचं, याच हातानं घालवलं.

ताई आमच्या घरी कुंभार पिंपळगावला आल्या, त्यांच्या कानावर ते गेलं. भांडल्या न्हाईत. मला आणि सासूबाईंना बसमध्ये बसवलं, थेट कॉलेजात आणलं. कुजलेल्या मोसंबीतले सुतासारखे बारीक कृमी त्यांनी पाळले होते. त्यांचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. म्हणाल्या, यात अजून डोकं न्हाई, शेपूट न्हाई. बघत राहा.

आतले दाणे सरकू लागले. नराचं बीज जिथून आत शिरलं, ती शेपटीची बाजू, ताई सांगत गेल्या. काही माल तिकडं जातो, काही दुसऱ्या टोकाला राहतो. मंग अंड्याचे दोन भाग झाले. एक मोठा, एक लहान. मोठा डोक्याकडचा, लहान शेपटीकडचा. बाजू ठरली! सासूबाई डोळा हलवीनात.

शेजारचं अंडं मात्र बिघडलं. दोन्ही भाग सारखेच झाले, आणि वाढ थांबली.

ताईंनी शांतपणे विचारलं, "आई, या कृमीनं पपई खाल्ली होती का?"

सासूबाईंनी परत त्या काचेला डोळा लावला. ताई म्हणाल्या, माणसाचं वेगळं असतं, ते डॉक्टरला विचारू. जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. इतक्या सुरुवातीला आत चुकलं, तर बहुतेक वेळा बाईच्या हातात काहीच नसतं, असं त्यांनीही सांगितलं. परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी माझा हात धरला. "शोभा, मी लई बोलले तुला."

मला पुढं मूल झालं न्हाई. पण मान खाली घातली न्हाई, बिलकुल न्हाई. आणि ताई थांबल्या का? आजारपणातही गावोगावच्या सासवा-सुना त्या काचेपाशी आणत राह्यल्या.

बायांनो, ज्यांनी ते अंडं बघितलं, त्यांनी हात वर करा.

बघा. मागच्या भिंतीपर्यंत हात आहेत. ताई जिंकल्या.

हात खाली घेऊ नका. आता सगळे उठा. ताईंना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं असेच उभे राहू.