चौथ्या पानावरचं दुकान

स्वारगेटला बसच्या रांगेत पूर्णिमाच्या पुढे सोजरमावशी आणि त्यांची भाची उत्कर्षा बोलत होत्या.

"छातीच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचे ब्लाऊज शिवती मी. मग नेटवर शोधलं की आपली वेबसाइट चौथ्या पानावर का?"

"मावशी, तू नुसतं 'उत्तम शिलाई' लिहिलंयस. बायका तसं शोधत नाहीत."

"मग कसं शोधत्यात?"

"'ऑपरेशन झालंय, आता ब्लाऊज कसा घालू?' याचं नीट उत्तर लिही. शिवाय चांगल्या वेबसाइटवाल्यांनी तुझी लिंक दिली, की वर येशील."

"दवाखान्यातल्या डॉक्टरबाई त्यांच्या वेबसाइटवर देती म्हणाल्या."

"मग येशीलच. वेळ लागेल थोडा."

पूर्णिमाने ओढणी सावरली. ऑपरेशननंतरच्या आठ महिन्यांत ती एकाही लग्नाला गेली नव्हती.

"मावशी, मला आत्ताच पत्ता द्याल?"

सोजरमावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"पत्ता कशाला? ह्याच बसनं चला की."