अब्वोली, जेवलीस ना?

नाताळ आटोपून केमिगिशा कंपालाच्या बससाठी फोर्ट पोर्टलला रांगेत उभी होती. तिने लिहिलेलं पहिलंवहिलं पुस्तक आईने डाग पडतील म्हणून काचेच्या कपाटात, ठेवणीतल्या कपबशांशेजारी ठेवून दिलं होतं. घरात कुणी पानसुद्धा उलटलं नव्हतं. आणि आता पुढच्या दोन बायकांच्या तोंडी त्याच पुस्तकाचं नाव!

"नात वाचून दाखवायला बसली, तर आमची म्हातारी म्हणते, थांब! लिहिणारीचं लाडनाव काय?"

"अगं, पुस्तकावर कुठून येणार लाडनाव?"

"तेच तर! म्हणे, लाडनावाने विचारपूस केल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही."

"मग अडलं?"

"छे! तिनेच ठेवलं, अब्वोली. रोज पुस्तक उघडलं की आधी विचारते, 'अब्वोली, बरी आहेस ना? जेवलीस ना?' मग ऐकते."

"संपलं का?"

"शेवटचं प्रकरण ईस्टरला ऐकणार. म्हणते, घरी आलेल्या पोरीला इतक्यात कशी वाटेला लावू?"

म्हातारीचं सांगणारी ती बाई बोलता बोलता मागे वळली.

"अगं बाई, रडतेस होय? घर सोडवत नाही ना? लाडनाव काय गं तुझं?"

जन्मापासूनचं 'अड्येरी' केमिगिशाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"अब्वोली," ती म्हणाली.