लारिसाची जागा

गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर कोच ड्वेन कॉफीच्या रांगेत उभा होता. पुढ्यातच त्याच्या संघातल्या लारिसाचे बाबा ओरेस्ट आणि आजी.

“पोरीचा अख्खा जन्म बचावात गेला. आता पुढं हल्ल्याला, विंगला कशाला धाडली?”

“आई, कोच म्हणाले, तिच्या पायांत वेग आहे.”

“कसला वेग! सवयीनं आपल्याच गोलकडे पळते नि बोलणी खाते.”

“शिकेल गं. म्हणून तर अंगणात पाणी ओतून बर्फ केलाय तिच्यासाठी.”

“आज विद्यापीठाचा माणूस बचावपटू निवडायला आलाय ना? तिच्या जागी कोण खेळतंय?”

“कोचची मुलगी.”

“असू दे. भल्या माणसाच्या लेकीचं तरी भलं होईल.”

ड्वेननं टोपी डोळ्यांवर ओढली, तोच आजी वळली.

“अगंबाई, कोच! या, आमच्या पुढे उभे राहा. ओरेस्ट, यांची कॉफी आपल्याकडून हं.”