पिरॅमिडचा दगड

कामशेतला पूर्वी बैलगाड्या सुटायच्या, तिथं आता जीपची रांग असते. जीपमध्ये माझ्यापुढे शाळेत शिकवणाऱ्या तरुण तेजलबाई आणि त्यांच्याच गावच्या आक्काबाई बोलत होत्या.

"पोरं हसली मला, मावशी. म्हणतात, पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले. मोबाइलवर बघितलं म्हणे."

"मग तुमी काय म्हनला?"

"माणसांनीच दगड ओढले म्हटलं. तर एवढाले कसे ओढले, विचारतात."

"आमी बायांनी न्हाई का विहिरीची शिळा वढली? फळीवर घातली, म्होरं पाणी वतलं, सरकली चिखलावरनं."

"अहो, पुस्तकातल्या इजिप्तच्या जुन्या चित्रातही भला मोठा पुतळा ओढताना एक जण पुढं पाणी ओततोय! मी आपली पूजा समजले."

"पूजा कसली!"

"उद्या करूनच दाखवते. पण शिळा कुठून आणू?"

"मी बसते की फळीवर. वढू द्या पोरांना."