बाजीरावच्या आईची अंघोळ

"रस्ता खराब म्हणून हिर्डोशीची गाडी बंद करता, आन रस्ता खराब ठेवला कुणी? तुमीच ना!"

भोरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीवर काठी आपटत एस्तेरबाई कडाडल्या. आतल्या साहेबाची मान काही मोबाईलमधून वर येईना. बाकावर सारोळ्याच्या गाडीची वाट बघत बसलेली सौदामिनी मात्र कान देऊन ऐकू लागली. तिच्या शेजारी बसलेल्या अक्काबाईनं एस्तेरबाईंना हाक मारली.

"बसा, नर्सबाई. रिटायर झालात, आता कशाला डोंगर चढता?"

"बाजीरावची आई अंथरुणाला खिळलीय. तिला अंघोळ घालायचीय."

"जिनं तुमाला इहिरीवर पाणी भरू दिलं न्हाई, ती?"

"व्हय, तीच. तवा आमचे मालक ओढ्यावरनं हंडा आणायचे, भजनं म्हणत. निम्मं पाणी अंगावरच सांडायचं. लई हसायचो गं आमी."

"आन तिच्या सुना?"

"पुण्याला."

"मंग ऱ्हाऊ द्या तशीच!"

"येशूनं सोताला धरून देणाऱ्या चेल्याचेबी पाय धुतले, अक्का. मी कोण निवड करणारी?"

"गोड तरी बोलती का?"

"शिव्या देती. पाणी कोमट न्हाई म्हणती."

सारोळ्याची गाडी लागली. सौदामिनी उठली नाही.

एस्तेरबाई पुन्हा खिडकीशी गेल्या.

"साहेब, म्हातारी पाण्याची वाट बघतीय. गाडी सोडताय, का मी चालू लागू? बोला!"