पणजोबा मस्कतला का उतरले

मस्कतच्या वादी कबीर भागातल्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या भावनाला शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“प्रेमा, पुतण्याला बोटीच्या जुन्या नोंदींत आपले पणजोबा सापडले.”

“गावातून पहिले मस्कतला आलेले, तेच ना?”

“निघाले होते झांजिबारला गो. बोट लागली, ओकून ओकून बेजार झाले, म्हणून इथे उतरवले.”

“आणि आपण सांगत फिरतो, दर्यावर्दी घराणं.”

“आईला फोन केला. म्हणाली, गावात बोलू नको, त्यांच्या नावाने होड्यांची शर्यत असते.”

“यंदा पहिल्या होडीत तुम्हालाच बसवणारेत.”

“म्हणून तर डॉक्टरकडे आलोय. मला टॅक्सीसुद्धा लागते.”

भावनाचं नाव पुकारलं. तिने आधी त्यांनाच आत पाठवलं.